बेटाची धाव आणि शेवंताचा पाय

माझा धंदा माईकचा. लग्न, तेरवी, ग्रामसभा, नाटक, जिथं म्हणून माणसं जमतात आणि एकमेकांचं ऐकत नाहीत, तिथं मी भोंगे बांधतो. हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायकाचं काम करतो. करत होतो म्हणा. तीन अंकांत दोन खून, एक अपहरण आणि शेवटी नायकाच्या हातचा मार, एवढं करून मी घरी येऊन दूधभात खायचो. तेव्हा मी जे सांगेन त्यातलं अर्धं तुम्ही वजा करा, माझी हरकत नाही. फक्त पायांबद्दल जे सांगेन, त्यातलं काही वजा करू नका.

पाठीच्या कण्याचा टीबी होऊन मी अंथरुणावर पडलो तेव्हा या दुखण्यातून गेलेल्या कुणाचं तरी लिहिलेलं वाचावंसं वाटत होतं. जे मिळालं त्यात सगळेच धीराचे होते. सगळे सकाळी उठून सूर्याकडे बघायचे. मला सूर्याचा राग यायचा. म्हणून हे माझं.

बेट

अर्जुनी मोरगावहून बसनं अर्ध्या तासावर आमचं गाव, आणि गावाला लागून तलाव. तलावाच्या मधोमध एक टेकडी आहे. पाणी भरलं की तिचं बेट होतं. त्या बेटावर पाणकावळे, बगळे, उघडचोच घरटी करतात, इतकी की झाडं विष्ठेनं पांढरी होतात. बेटावर कुणी जात नाही म्हणून ते टिकलं आहे. पण लोक जाऊ लागले होते. सुटीच्या दिवशी पोरं डोंग्यातून तिथं पार्टी करायला जायची. शिवाय काठावर बेशरमीची झुडपं इतकी माजली होती की पाणी दिसेना, आणि तलावाभोवतीची जुनी पायवाट तीन-चार जागी पावसानं तोडली होती.

देवाजी हा माझा लहानपणचा सोबती, जातीचा ढीवर, त्याच तलावात मासे धरणारा. तो म्हणाला, "श्रमदान ठेवू." मी म्हटलं, "श्रमदानाले चार माणसं येतेत गा, अन् त्यातले दोघं फोटो काढाले. धाव ठेव. धाव म्हटली का बनियन भेटते, मेडल भेटते. लोक गाडी करून येतीन."

अशी बेटाची धाव सुरू झाली. बेटावर पाय ठेवायचा नाही, बेटाला पाण्याच्या बाहेरून फेरी घालायची. एक फेरी अकरा किलोमीटरची, आणि खरे पळणारे तीन फेऱ्या घालतात. फी म्हणजे एक घमेलं मुरूम. धाव सुरू होण्याआधी प्रत्येकानं तलावाच्या गेटापाशी ठेवलेल्या ढिगातून घमेलं भरायचं, डोक्यावर न्यायचं आणि वाट तुटली असेल तिथं ओतायचं. गोंदियाचा एक जण चकचकीत बूट घालून आला होता. घमेलं डोक्यावर घेतलं तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण पुढच्या वर्षी तो चार मित्र घेऊन आला.

पहिल्या वर्षी मी फक्त माईकवर होतो. दुसऱ्या वर्षी देवाजीनं डिवचलं, "तोंडानं तं रोजच धावते भाऊ, पायानं धाव एखांद दिवस." मी एक फेरी पळालो. तलावाच्या बांधावर, म्हणजे पाळीवर, आडवा पडून सगळ्या देवांची नावं घेतली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पळायला गेलो. का गेलो ते मला अजून सांगता येत नाही. पहाटेच्या धुक्यात बेटावरून पाखरांचा कालवा ऐकू यायचा, आणि माझे पाय खालची वाट माझ्या मदतीशिवाय ओळखायचे. खडा, ओल, मूळ, सगळं पायांना कळायचं. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

लचक

तिसऱ्या वर्षाच्या धावेआधी माझं वजन उतरलं. गावानं कौतुक केलं. संध्याकाळी अंगात कणकण असायची, ती मी दमणुकीच्या नावावर टाकली. घामानं बनियन भिजायची, ते पळण्याच्या नावावर. पाठ दुखायची, ती घमेल्यांच्या आणि स्पीकरच्या डब्यांच्या नावावर. माझ्यातला खलनायक इतका शिकलेला होता की प्रत्येक पुराव्याला त्याच्याजवळ उत्तर होतं.

आता माझ्या बायकोबद्दल. शेवंता पायाळू आहे, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेली. आमच्याकडे समज असा की पायाळू माणसानं दुखऱ्या पाठीला पाय लावला की लचक जाते. सकाळी चहाआधी आमच्या अंगणात कुणी ना कुणी वाकडातिकडा होऊन उभा असायचा. शेवंता पदर खोचायची, उजवा पाय धुवायची, आणि सात वेळा हळूच लावायची. ती कुणाकडून पानही घेत नसे. पण माणूस सरळ होऊन निघाला की तिच्या चेहऱ्यावर जे दिसायचं, ते मला टाळ्या पडल्यावरही कधी मिळालं नाही.

माझ्या पाठीला तिनं चार सकाळी पाय लावला. फरक पडला नाही. धावेला आठ दिवस राहिले होते. मी अंगणात पालथा पडलो आणि म्हटलं, "हे का गुदगुल्या करून राहिली? जोरानं दे."

"जोरानं नाई देत जी. हळूच लावतेत."

"नाटकात लोक मले एवढं मारतेत, तुझा हात... पाय काऊन जड झाला? पंचवीस वर्षांचा राग काढ एकदाचा."

ती हसली. शेजारची बाई कुंपणावरून हसली. आणि शेवंतानं, मी सांगितलं म्हणून, जोरानं दिली.

कट् असा आवाज झाला. मी उठलो, दोन्ही हात वर करून अंगणात नाचलो. खरंच बरं वाटलं. शेजारच्या बाईनं टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी डावी चप्पल पायातून निघून गेली आणि मला कळलं नाही. तिसऱ्या दिवशी मी मोरीपाशी बसलो, तो उठलोच नाही. लघवीही बंद झाली.

फोटोचा दिवस

गोंदियाच्या दवाखान्यात त्यांनी मला त्या बोगद्यासारख्या मशीनमध्ये घातलं. बाहेर आल्यावर डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला. तरुण होते, हिंदीतच बोलायचे.

"देखो काका, रीढ़ में टीबी है. हड्डी अंदर से खोखली हो गई थी, अब बैठ गई. नस दब रही है. ऑपरेशन लगेगा, और दवा डेढ़ साल."

मी विचारलं, "धाव इतवार को है. तब तक?"

कुणी हसलं नाही. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा एवढी शांतता मी एका वाक्यात केली होती.

मग त्यांनी विचारलं, "कुछ झटका लगा था? गिरे थे? किसी ने कुछ किया पीठ पे?"

शेवंता दाराशी उभी होती. तिनं तोंड उघडलेलं मला दिसलं. मी तिच्या आधी बोललो. "स्पीकर का डब्बा उठाया साहब, भारी था."

डॉक्टरांनी तेच लिहिलं. माझ्या आजारपणातलं ते पहिलं खोटं. अजूनही ते कागदावर तसंच आहे.

वॉर्ड

ऑपरेशनबद्दल मला काही सांगता येणार नाही, मी झोपलो होतो. नंतरचं सांगतो. पहाटे थर्मामीटर. मग नाश्त्याआधी गोळ्यांची मूठ. त्या गोळ्यांनी लघवी नारिंगी होते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पिशवी बघून मी मेलोच असं समजून शेवंताला शेताचे कागद कुठं आहेत ते सांगायला लागलो. दर दोन तासांनी दोघं जण मला लाटण्यासारखं फिरवायचे, पाठीला जखम होऊ नये म्हणून. दुपारी माझी मुलगी पल्लवी गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरहून डबा घेऊन यायची. तिचं सासर तिथंच. ती यायची आणि मला भरवताना माझ्या पायांकडे बघायची नाही.

आमच्या वॉर्डात झाडायला एक छत्तीसगढी बाई यायची. रोज म्हणायची, "का हाल हे कका?" मी रोज सांगायचो, "राजा हौं." एक दिवस मी उत्तर दिलं नाही. तिनं झाडू बाजूला ठेवला आणि माझी खाट ढकलून अर्धी वळवली. खिडकीतून एक झाड दिसू लागलं, बगळ्यांनी पांढरं केलेलं. दवाखान्यातल्या तेवीस दिवसांत माझ्यासाठी जे जे केलं गेलं, त्यात मला सगळ्यात जास्त तेच आठवतं.

त्या रविवारी धाव माझ्याशिवाय झाली. देवाजीनं फोन करून फोन माईकसमोर धरला. दुसराच कुणी माईकवर बोलत होता, अगदी सपाट, पत्रिका वाचल्यासारखा. मी फोन बंद केला आणि भिंतीकडे तोंड करून रडलो. तोंड वळवण्यासाठी मात्र मला दोन माणसांना हाक मारावी लागली.

एकदा डॉक्टर एकटेच खाटेपाशी आले तेव्हा मी विचारलं, समजा कुणी लाथ मारली असेल तर? ते म्हणाले, "किसको पता, काका. हड्डी तो सड़ ही रही थी. शायद अपने आप बैठ जाती. शायद दवा टाइम पे मिलती तो बच जाती."

शेवंता पाणी भरून परत आली होती. तिनं ऐकलं होतं की नाही, हे मला तिच्या हातातल्या बाटलीवरून कळलं. ती दोन्ही हातांनी धरली होती.

घर

लोक म्हणतात घरी आलं की अर्धं दुखणं जातं. ते लोक चालत घरी आलेले असावेत.

मला चौघांनी खुर्चीत बसवून आणलं. चुलत भावाच्या घरून चहा आला तो कागदी कपात. माझा टीबी हाडातला, तो खोकल्यातून कुणाला लागत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं मी माईक नसताना माईकवरच्या आवाजात सांगितलं. वहिनी म्हणाली, "नाई जी, तसं नाई, कप घासायचा कंटाळा." त्या घरात कप घासायचा कंटाळा मी पहिल्यांदाच ऐकला.

पल्लवी चार दिवस राहायला आली होती. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातून आवाज आला. "तुले समजत नोयतं का आई? फोटो काढाचं सोडून लाथ मारली तू बाबाले."

मी आतून ओरडलो, "म्या सांगतलं होतं तिले." पल्लवी दारात येऊन म्हणाली, "तुमी सांगानच बाबा. तुमी तं काईबी सांगता." आणि खरंच होतं ते. आयुष्यभर काहीबाही सांगत आल्यावर एक खरी गोष्ट सांगायला गेलो, तर ती माझ्याच मुलीला संवाद वाटली.

त्यानंतर शेवंतानं कुणाच्या पाठीला पाय लावला नाही. सकाळी कुणी वाकडा होऊन आला की ती दारातूनच म्हणायची, "इथं पायाळू नाई राहत." ओळखीची माणसं, तिच्याकडून दहादा सरळ होऊन गेलेली, तशीच वाकडी परत जायची. ती माझं सगळं करायची. अंग पुसणं, कूस बदलणं, नको ते सगळं. पण माझ्या खाटेजवळ ती पाय आखडून बसायची. झोपेतसुद्धा तिचा पाय माझ्याकडे यायचा नाही.

काळोखाबद्दल

इथं मी विनोद करणार नाही.

दिवस जात नव्हते. छताला सदतीस पत्रे होते आणि एका पत्र्याला सात खिळे. दोन्ही पाय माझ्या समोर पडलेले असायचे, कुणीतरी विसरून गेलेल्या सामानासारखे. मी त्यांना हुकूम द्यायचो, विनवायचो, आईवरून शिव्या द्यायचो. डास पायावर बसून रक्त पिऊन फुगायचा आणि मी तो नुसता बघायचो. मला वाटायचं, आता संपावं. असं मला बरेच दिवस वाटलं, आणि मी ते कुणाला सांगितलं नाही, कारण घरात सगळे माझ्या विनोदाची वाट बघत असायचे. मी तो करायचो. ते हसायचे, बाहेर जायचे, आणि मी पुन्हा पत्रे मोजायचो.

तुम्हालाही असं वाटत असेल तर कुणाला तरी सांगा. मी नाही सांगितलं. देवाजी एक दिवस मासे घेऊन आला, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "भाऊ, तुई नौटंकी पुरे. रड जरासा." तो तासभर बसला. मी रडलो. त्यानं मासे साफ केले. बरं काही वाटलं नाही. पण त्या दिवशी पत्रे मोजायचे राहून गेले.

परीक्षा

सहाव्या महिन्यात उजवा गुडघा हलला. आठव्यात मी पट्टा बांधून, वॉकर धरून उभा राहिलो. गावात पेढे वाटले गेले. पण पाय हलत होते, लागत नव्हते. म्हणजे जमीन लागत नव्हती. पाय कुठं आहे हे मला डोळ्यांनी बघावं लागायचं. डोळे मिटले की मी पोत्यासारखा खाली.

डॉक्टर दर वेळी परीक्षा घ्यायचे. "आँख बंद, काका. अंगूठा ऊपर या नीचे?" मला काही कळायचं नाही. मी म्हणायचो, ऊपर. दोनात एक बरोबर येतंच. मग मी पापण्या किंचित उघड्या ठेवायला शिकलो. डॉक्टरांचा खांदा कुठं झुकतो यावरून सांगायचो. तीस वर्षं रंगमंचावर काढलेल्या माणसाला एवढं कठीण नाही. डॉक्टर खुश झाले. शेवंता तर त्या दिवशी बसमध्ये शेजारच्या बाईशी बोलत होती. आठ महिन्यांत ती बसमध्ये कुणाशी बोलली नव्हती.

मी का केलं? तिच्या त्या चेहऱ्यासाठी केलं. मला वाटलं, माझे पाय आले तर तिचा पाय येईल.

मग घरीही रोज सकाळी परीक्षा सुरू झाली. ती माझ्या खाटेच्या टोकाशी बसायची. "डोळे मिटा जी. कोणतं बोट?" मी पापणीच्या फटीतून बघून सांगायचो, "उजवा अंगठा." "डावी करंगळी." पाचात चार बरोबर सांगायचो आणि एक मुद्दाम चुकवायचो, खरं वाटावं म्हणून. पाहा, कसा बारकावा असतो कलेत.

थंडीचे दिवस आले. ती संध्याकाळी माझे पाय मिठाच्या गरम पाण्यात ठेवायची. घंगाळात हात घालण्याआधी शेजारीण हाक मारायला आली म्हणून तिनं घाईत विचारलं, "लय गरम तं नाई ना?"

पाय पाण्यात होते. मी म्हटलं, "छान आहे. कोमट."

ती कुंपणापाशी बोलत राहिली. परत आली, पाय बाहेर काढले, पंच्यानं टिपायला गेली, आणि टाचेची कातडी पंच्याला चिकटून आली.

ती किंचाळली. मी किंचाळलो नाही. मला काही झालंच नव्हतं.

हात

त्या जखमा भरायला अडीच महिने गेले. वॉकर कोपऱ्यात गेला, मी पुन्हा खाटेवर. पल्लवी आली, तिनं टाच बघितली आणि आईकडे बघितलं. यावेळी ती काही बोललीसुद्धा नाही. एका बाईच्या दोन चुका झाल्या होत्या, आणि दोन्ही माझ्या होत्या.

जखम झाल्यावर आठ-दहा दिवसांनी शेवंता सकाळी नेहमीसारखी खाटेच्या टोकाशी येऊन बसली. पायाला पट्ट्या होत्या, बोटं तेवढी उघडी.

"डोळे मिटा."

मी मिटले. त्या दिवशी फट ठेवायचीसुद्धा हिंमत नव्हती.

"कोणतं बोट?"

"डावा अंगठा."

"आन आता?"

"उजवं... मधलं."

मी डोळे उघडले. तिचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"पहिल्यापासून."

"एकदाबी नाई लागलं?"

"एकदाबी नाई."

तिनं शिवी दिली नाही. तोंडात पदरही धरला नाही. ती फक्त म्हणाली, "मी देवाले नारळ कबूल केला होता तुमच्या त्या करंगळीपायी." आणि उठून गेली. दोन दिवस तिनं माझं सगळं केलं, एक अक्षर न बोलता. माणसानं दुखण्यात काय काय खोटं बोलावं हे आता मी तुम्हाला सांगू शकतो. वेदना कमी सांगा, भीती लपवा, जेवण गोड लागलं म्हणा. पण काय लागतं आणि काय लागत नाही, हे हात लावणाऱ्याला खरं सांगा. ते खोटं दुसऱ्याच्या हातानं फुटतं.

आणि आणखी एक, मग उपदेश बंद. संध्याकाळी कणकण, वजन उतरणं, आणि न जाणारी पाठ, ही तिन्ही एका माणसात दिसली तर आधी फोटो काढा. पाय लावायला जन्म पडला आहे.

दीड वर्षाच्या गोळ्या संपल्या तेव्हा डॉक्टरांनी शेवटची परीक्षा घेतली. मी डोळे घट्ट मिटले आणि प्रत्येक वेळी म्हटलं, "मालूम नहीं." त्यांनी जुने कागद चाळले, गोंधळले. मी सगळं सांगितलं, फक्त लाथेचं सोडून. ते रागावले नाहीत. म्हणाले, "काका, जितना आना था, शायद आ गया." मी विचारलं, "दौड़?" त्यांनी टेबलावरचा पेन उचलून पुन्हा तिथंच ठेवला.

फेरी

या हिवाळ्यात बेटाची धाव झाली तेव्हा देवाजीनं मला पाळीवर नेऊन खुर्चीत बसवलं आणि हातात माझाच माईक दिला. मी काय बोललो विचारू नका. घमेली उचलणाऱ्यांची इतकी खेचली की एका पहिलवानानं हसता हसता मुरूम स्वतःच्याच बुटांत ओतला. पाळीवर सगळे हसत होते. मीही हसत होतो, आणि एकेकाच्या पायांकडे बघत होतो. माणसं आपल्या पायांकडे न बघता पळतात. हे मी आधी कधी बघितलंच नव्हतं.

एक तरुण पोरगी घमेलं ठेवून कंबर धरून आली. "काकू, आजी म्हणते तुमी पायाळू आहा. लावा ना जरा, धावाचं आहे मले."

शेवंता माझ्या खुर्चीमागे उभी होती. "नाई माय. किती दिवसांपासून दुखून राहिलं?"

"आजच. घमेलं उचललं तवापासून."

"मंग बस जराशी. आठ दिवसांत नाई गेलं तं फोटो काढजो. काढजो, समजलं?"

शिट्टी झाली. सगळे गेले. पाळ रिकामी झाली. देवाजी डोंगा घेऊन बेटाच्या बाजूला गेला, कुणी तिकडं जाऊ नये म्हणून राखणीला. पळणारे पलीकडच्या काठाच्या झाडांत शिरले की निदान तासभर कुणी दिसत नाही. मुरमाचा ढीग संपला होता, रिकामी घमेली उलटी पडली होती. बेटावरून पाखरांचा तो कालवा येत होता. माझ्या खुर्चीसमोर माझे दोन पाय होते, अनवाणी, कारण चप्पल राहिली की गेली हे मला कळत नाही. अकरा किलोमीटर. घरात भिंत धरून माझी तीस पावलं होतात.

मी शेवंताला म्हटलं, "आता मी नाई जात पुन्हा या वाटेनं."

"हाव," ती म्हणाली. नुसता होकार. होईल, बघा, असं काही म्हणाली नाही. दोन वर्षांत सगळ्यांनी मला होईल म्हटलं होतं. तिच्या त्या 'हाव'चं मला काय करावं ते सुचेना.

बऱ्याच वेळानं ती खुर्चीच्या पुढं आली. "डोळे मिटा जी."

"कायले? सांगतलं ना सगळं."

"मिटा."

मी मिटले. घट्ट, फट न ठेवता. ऊन तोंडावर होतं. पाण्याचा वास होता, ओल्या मुरमाचा होता. मी जमेल तेवढं खाली, पायांकडे, लक्ष नेलं. तिथं काही नव्हतं. पूर्वी वाट असायची तिथं काही नव्हतं.

"का लागते?"

"काईच नाई."

"नीट पाहून सांगा."

"खरंच काई नाई, शेवंता."

"उघडा."

मी डोळे उघडले. तिनं चप्पल काढून बाजूला ठेवली होती. तिचा उजवा पाय माझ्या डाव्या पायावर होता, पूर्ण, टाचेपासून बोटांपर्यंत, तिचा सगळा भार देऊन. तिची बोटं मातीनं माखली होती. माझ्या बोटांचा रंग दबून पांढरा झाला होता.

पलीकडच्या काठावर झाडांतून पहिल्या पळणाऱ्याची लाल टोपी बाहेर पडली. माझ्या मांडीवरचा माईक उचलायची वेळ झाली होती. शेवंता टोपीकडे बघून पाय काढायला लागली.

"राहू दे," मी म्हटलं.